अक्षरांचे कारागीर

सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यात एक दहा वर्षांचा मुलगा दिवसभर खिळे घाशीत बसलेला असे. त्याचे नाव जावजी दादाजी. घरची गरिबी असल्यामुळे शाळेचे शिक्षण बेताचेच झाले होते आणि ज्या वयात पाटी-पेन्सिल हाती असावयाची, त्या वयात दरमहा २ रुपयांची ही चाकरी त्याला पत्करावी लागली होती.

छापखान्यातील खिळा म्हणजे भिंतीत ठोकावयाचा खिळा नव्हे. शिशाच्या मिश्रधातूची सुमारे एक इंच उंचीची चौकोनी कांडी, आणि तिच्या माथ्यावर उलटे उठविलेले एक अक्षर, असा तो असतो. साच्यातून नुकता निघालेला खिळा खडबडीत असतो. त्याच्या कडांना धातूचा कीस चिकटलेला असतो. तो दगडावर घासून सारखा करावा लागतो. कमी घासला तर तो शेजारच्या खिळ्याशी नीट मिळत नाही आणि अधिक घासला तर वाया जातो. काम कंटाळवाणे, बोटे काळी करणारे. एखाद्या मुलाने ते दोन रुपयांपुरतेच केले असते. जावजींनी मात्र ते करता करता आपली नजर तयार केली. खिळा कोठे उणा आहे आणि कोठे अधिक आहे, हे त्यांच्या बोटांना कळू लागले.

त्या छापखान्याची व्यवस्था टॉमस ग्रॅहम या गृहस्थांकडे होती. देवनागरी अक्षरांचे खिळे पाडण्याच्या कामी ग्रॅहमसाहेबांचा हातखंडा होता. अक्षर कसे कोरतात, साचा कसा धरतात, धातूचा रस कसा ओततात, हे सारे त्या कारखान्यात जावजींच्या डोळ्यांसमोर घडत असे. पुस्तकातून ही विद्या शिकण्याची सोय तेव्हा नव्हती. ती पाहून पाहून आणि चुकून चुकूनच शिकावयाची होती.

ही विद्या किती अवघड होती, ते थोडे समजून घेतले पाहिजे. प्रथम पोलादाच्या लहानशा कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. अक्षर करंगळीच्या नखापेक्षाही लहान, आणि त्यातील 'क'चा वाटोळा कान किंवा 'श'ची गाठ तर त्याहूनही नाजूक. कोरून झाले की ती कांडी तापवून व पाण्यात विझवून कठीण करावयाची, आणि मग तांब्याच्या तुकड्यावर तिचा ठसा उमटवावयाचा. हा तांब्याचा ठसा साच्यात बसविला की त्यातून एकासारखी एक हजारो अक्षरे ओतता येतात. ओतावयाच्या रसात शिसे असते. पण नुसते शिसे फार मऊ, म्हणून त्याला कठीणपणा आणण्यासाठी अँटिमनी आणि रस नीट वाहावा म्हणून कथील मिसळतात. पोलादावर कोरताना हात केसभर चुकला, तर ती चूक पुढे निघणाऱ्या प्रत्येक खिळ्यात उतरते.

त्यातून आपली देवनागरी लिपी! इंग्रजीला सव्वीस अक्षरे मोठी आणि सव्वीस लहान कोरली की मुख्य काम झाले. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरली म्हणजे शेकडो खिळे लागतात. अक्षराच्या डोक्यावरही काही चढते आणि पायाखालीही काही लोंबते. शिवाय आपल्या अक्षरांना शिरोरेषा असते. शब्द दहा खिळ्यांचा असला तरी त्याच्या माथ्यावरची रेघ एकसंध दिसावयास हवी. एक खिळा किंचित वर बसला की रेघ तुटलीच. तुम्ही जुन्या काळचे एखादे निकृष्ट छपाईचे पुस्तक पाहाल तर त्यातील ओळी फुटक्या कौलांच्या छपरासारख्या दिसतील. म्हणूनच त्या काळी पुष्कळ मराठी पुस्तके शिळाछापावर काढीत. सुंदर हस्ताक्षरात मजकूर लिहून घेऊन तो दगडावर उतरविला की शिरोरेषेची चिंता उरत नसे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले तेही शिळाप्रेसवर. छापलेल्या पोथीला शिवावे की नाही, असा प्रश्न पडणारी मंडळीही त्या वेळी होती, कारण शाईत चरबी असते असे ते ऐकून होते. आज याचे हसू येते.

मिशनच्या छापखान्यानंतर 'इंदुप्रकाश'सारख्या छापखान्यांतून नोकरी करीत असता जावजींचा हात या धंद्यात चांगला बसला. १८६४ मध्ये त्यांनी खिळे ओतण्याचा आपला स्वतःचा कारखाना काढला. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस होते. त्या वर्षाची मुंबई डोळ्यांसमोर आणली पाहिजे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्यामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. जो तो शेअरच्या मागे धावत होता. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि रातोरात श्रीमंत झालेले कित्येक लोक रातोरात भिकेला लागले. अशा दिवसांत हा तरुण कारागीर शिशाचा रस ओतीत बसला होता.

या कामी त्यांना राणोजी रावजी आरू या मित्राची साथ लाभली. राणोजी अक्षरे कोरण्यात निष्णात होते. जावजींच्या नावाचा गौरव करताना पुष्कळदा राणोजींचे नाव मागे पडते, हे काही बरे नव्हे. दोघांच्या मेहनतीतून जे खिळे निघाले ते इतके सुबक, ठसठशीत आणि सारखे होते की इतर छापखानेही ते विकत घेऊ लागले. पुढे १८६९ मध्ये जावजींनी स्वतःचा छापखाना सुरू केला. तोच प्रसिद्ध 'निर्णयसागर'. त्या नावाचे पंचांग घरोघरी गेले, आणि मुंबईच्या कोळभाट गल्लीतील छापखान्याचा पत्ता दूरदूरच्या पंडितांना तोंडपाठ झाला.

येथे एक नवल वाटण्याजोगी गोष्ट आहे. जावजी स्वतः पंडित नव्हते, शाळाही त्यांनी फारशी पाहिली नव्हती. पण संस्कृत ग्रंथ शुद्ध छापले जावेत याविषयी त्यांची दृष्टी एखाद्या शास्त्र्यासारखी कडक होती. जे आपल्याला येत नाही, ते ज्याला येते त्याच्याकडून करून घ्यावे आणि त्याचा मान राखावा, हे त्यांना उमजले होते. १८८६ मध्ये त्यांनी 'काव्यमाला' सुरू केली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांच्यासारख्या विद्वानांनी जुन्या हस्तलिखित पोथ्या तपासून द्यावयाच्या आणि निर्णयसागरने त्या छापावयाच्या, असा क्रम चालू झाला. कुठल्या तरी घराच्या माळ्यावर वाळवीच्या तोंडी गेली असती अशी काव्ये त्यामुळे वाचली. युरोपातील संस्कृतचे अभ्यासकही या पुस्तकांवर विसंबू लागले.

विद्वानांची अशी सोय करीत असताना मुलेही त्यांच्या नजरेबाहेर राहिली नाहीत. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी 'बालबोध' हे मुलांचे मासिक काढले, ते याच छापखान्यातून. त्यात थोर पुरुषांची चरित्रे असत, कविता असत, शास्त्रीय विषयांची माहिती असे. आजच्यासारखी रंगीत पुस्तके त्या काळी कोठून असणार? महिन्याच्या महिन्याला स्वच्छ, टपोऱ्या अक्षरांत छापलेले ते अंक हीच मुलांची चैन होती. दहाव्या वर्षी स्वतःला वाचावयास सवड न मिळालेल्या माणसाच्या छापखान्यातून दहा वर्षांच्या मुलांसाठी मासिक निघावे, यात केवळ धंद्याचा हिशेब असेल असे वाटत नाही.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजी दादाजी निवर्तले. वय पन्नाशीच्या थोडेसे पुढे गेले होते. छापखाना चालू राहिला, काव्यमालेची पुस्तके निघत राहिली, कारण त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी तो सारा व्याप पुढे सांभाळला. शिशाचे खिळे आता छापखान्यांतून गेले आहेत; अक्षरे यंत्राच्या पडद्यावर जुळतात, आणि खिळे जुळविणारा जुळारीही दिसेनासा झाला आहे. पण जुन्या ग्रंथालयात निर्णयसागरची पुस्तके अजून आढळतात. पाने पिवळी पडलेली असली तरी शिरोरेषा कोठे तुटलेली नसते.

अशा एखाद्या पुस्तकाचे पहिले पान अवश्य पाहावे. वडिलांना जाऊन दहा दहा वर्षे लोटल्यावर छापलेली ती पुस्तके आहेत. छापखान्याचे मालक म्हणून तेथे तुकाराम जावजींचे नाव आहे. पण छापखाना कोणाचा म्हणून लिहिला आहे? जावजी दादाजींच्या 'निर्णयसागर' छापखान्याचे मालक तुकाराम जावजी, असे तेथे स्पष्ट छापले आहे. मालकी हाती आली, वर्षे गेली, तरी मुलाने त्या ओळीतून वडिलांचे नाव काढले नाही.