झेंडूचे माहेर

दादरच्या फुलबाजारातले झेंडूचे ढीग पाहून हे फूल परके असे कोण म्हणेल? पण त्याचे माहेर मेक्सिको! तिकडे १ व २ नोव्हेंबरला गेलेली माणसे घरी येतात, अशी समजूत. त्यांची वाट चुकू नये म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात, कबरीपाशी त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात. वर मारियाची वादकांना बोलावून व्हायोलिन, गिटार, ट्रंपेटच्या साथीने त्यांची आवडती गाणीही म्हणवून घेतात. आपण पितरांना पान वाढतो. पण गाणे? छे! उलट वर्षभर सणच करीत नाही. आई जाऊन आठ महिने झाले. यंदा तोरण नको, असे थोरल्या वहिनींनी बजावले आहे. आईला झेंडू आवडे, आणि माणिक वर्मा. मी पाव किलो झेंडू घेतला आहे. वहिनींना काय सांगायचे, ते अजून ठरलेले नाही.