संचलन नसलेला दिवस

सैन्य आपल्याला भेटतं ते बहुतेक वेळा सणाच्या पोशाखात. 26 जानेवारीला टीव्हीसमोर बसून, नाहीतर खडकवासल्याच्या प्रबोधिनीचं दीक्षान्त संचलन पाहताना ऊर भरून येतो, तेव्हा समोर असतात पांढरे हातमोजे, झळाळती बटणं आणि एका ठेक्यात पडणारी शेकडो पावलं. त्या पावलांमागचा साधा दिवस, इस्त्रीचा, बुटांच्या पॉलिशचा, अपुऱ्या झोपेचा, न सुटलेल्या गणिताचा, घरच्यांना दिसत नाही. ज्यांना अठराव्या वर्षी त्या दिवसात राहायला जायचं असतं, त्यांनाही तो बहुधा तिथे पोचल्यावरच दिसतो. तो आधी दिसायला हवा, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच माझी लेक या आठवड्यात ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत एक रात्र राहायला निघाली आहे, याचं मला तिच्या साऱ्या गुणपत्रिकांपेक्षा अप्रूप आहे.

अमेरिकेच्या नौदलाचे आणि मरीन्सचे अधिकारी घडवणारी ही अकादमी 1845 मध्ये सेव्हर्न नदीकाठच्या एका जुन्या किल्ल्याच्या जागेत सुरू झाली. अर्ज करणाऱ्यांपैकी काही मुलांना तिथे मुक्कामाला बोलावतात. माहितीपट दाखवला, आवार फिरवून आणलं, असलं हे बोलावणं नसतं. पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या, तिथल्या बोलीत ‘प्लीब’च्या, हाती पाहुण्याला सोपवतात. तो वर्गात जाईल तिथे जायचं, तो जेवेल तिथे जेवायचं आणि रात्री त्याच्याच वसतिगृहात पाठ टेकायची. मुलींना अर्थातच मुलींच्या खोलीत.

आपल्याकडची रीत बरोबर उलटी आहे. एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या त्याच प्रबोधिनीची, लेखी परीक्षा पार केलेली मुलं एसएसबीला, म्हणजे निवड मंडळापुढे, जातात. माझा मामेभाऊ भोपाळला गेला होता, त्याच्याकडून त्या पाच दिवसांची हकिगत आम्ही मुलांनी पुन्हापुन्हा ऐकली होती. छातीवर नंबर. पडद्यावर एक शब्द येतो आणि पंधरा सेकंदांत त्यावर सुचेल ते लिहायचं, असे 60 शब्द. मैदानात दोरी, फळी आणि पिंप घेऊन, एकमेकांना धरून अडथळा ओलांडायचा. मग मुलाखत आणि शेवटच्या दिवशी सगळ्या परीक्षकांसमोर काही मिनिटं. त्या पाच दिवसांत मंडळ मुलाला आतून-बाहेरून वाचतं, आणि ते वाचायलाच हवं. उद्या ज्याच्या शब्दावर माणसं जिवावर उदार होणार, त्याला असंच पारखलं पाहिजे. पण मुलानं प्रबोधिनीला कधी वाचायचं? ॲनापोलिसची ही एक रात्र मला त्यासाठी मोलाची वाटते. इथे पाहणारी माझी मुलगी असेल.

काय दिसेल तिला? बँक्रॉफ्ट हॉल. चारही वर्षांचे विद्यार्थी, चार हजारांहून जास्त, याच एका वसतिगृहात राहतात. त्याच्या बोळांची लांबी जवळजवळ पाच मैल भरते. त्या बोळांतून प्लीबला चालायची परवानगी नसते. त्यानं मधोमध धावायचं आणि कोपरा आला की काटकोनात वळायचं. जेवणाआधीच्या हजेरीला काही मिनिटं उरली की प्लीब आपल्या मजल्यावर ठरल्या जागी ताठ उभा राहतो आणि किती वेळ उरला, पोशाख कोणता, पानात काय आहे, हे सगळं न अडखळता मोठ्यानं ओरडून सांगतो. वरिष्ठांना द्यायची उत्तरं ठरलेली, फक्त पाच: होय सर; नाही सर; आज्ञा पाळतो सर; शोधून सांगतो सर; सबब नाही सर. मला यातलं चौथं फार आवडतं. ठाऊक नसलेल्या गोष्टीची लाज बाळगायची नाही आणि अंदाजही ठोकून द्यायचा नाही. शोधायचं आणि परत येऊन सांगायचं. आमच्या घरातही हे उत्तर आता चालतं. ‘किल्ली कुठे ठेवलीस?’ ‘शोधून सांगते.’ आणि ती खरंच शोधून सांगते.

पण मला वाटतं, तिनं पाहावं ते ह्याच्याही पलीकडचं. रात्री उशिरा कॅल्क्युलसची गृहपाठाची वही पुढ्यात घेऊन बसलेली, दिवसभर धावून पोटऱ्या दुखत असलेली, तिच्यापेक्षा जेमतेम वर्षानं मोठी मुलगी. इथे इंग्रजी साहित्य शिकणाऱ्यालाही पदवी मिळते ती विज्ञानाचीच, म्हणजे गणित आणि रसायन कुणालाच चुकत नाही. ती मुलगी थकल्यावर खोलीतल्या मैत्रिणीशी कशी बोलते? दुसरी मागे पडली तर थांबते का? दार बंद झाल्यावर माणसं एकमेकांशी जशी वागतात, त्यावर त्या जागेची खरी किंमत ठरते, आणि ती कुठल्याही माहितीपुस्तकात छापलेली नसते.

तिथवर पोचायचा रस्ता लांब आहे. तो थोडक्यात सांगते. नागरिकत्व हवं, गुण हवेत, वैद्यकीय तपासणी हवी. गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल फेकण्यापासून एक मैल धावण्यापर्यंत सहा गोष्टींची शारीरिक चाचणी असते. त्यासाठी आमच्या गॅरेजमध्ये वर्षभर एक लोखंडी दांडा टांगलेला आहे. शिवाय बहुतेकांना लागतं ते आपल्या भागातल्या सिनेटरचं किंवा काँग्रेस सदस्याचं नामांकन. प्रत्येक सदस्याचे एका वेळी पाचच विद्यार्थी अकादमीत असू शकतात. मुक्कामाला बोलावलं म्हणजे प्रवेश मिळाला, असं मुळीच नाही. हे तिला पक्कं ठाऊक आहे.

पुण्यात मी लहान असताना प्रबोधिनीचं प्रवेशद्वार बसच्या खिडकीतून दिसायचं. धरणावर जायचं, कणसं खायची, परतताना त्या कमानीकडे पाहायचं. मुलींसाठी ती परीक्षा तेव्हा नव्हती. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानं मुलींना ती देता आली, 2022 मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि मे 2025 मध्ये 17 मुली मुलांच्या बरोबरीनं संचलन करत बाहेर पडल्या. तो दिवस आमच्या घरी न्यू जर्सीत साजरा झाला. रात्री जागून आम्ही दोघींनी ते संचलन पाहिलं. ॲनापोलिसचं दार 1976 मध्ये उघडलं. त्या वर्षी 81 मुली आत गेल्या, 1980 मध्ये 55 पदवीधर झाल्या. सुनीता विल्यम्स 1987 मध्ये तिथूनच बाहेर पडल्या. त्या पहिल्या 81 जणींना आधी कुणा वरच्या वर्गातल्या मुलीच्या खोलीत झोपून पाहता आलं नाही, कारण वरच्या वर्गात मुलगीच नव्हती. मला त्यांची फार आठवण येते, कधी भेट न होताही.

पिशवी लहान आहे. दोन जोड कपडे, एक स्वेटर, चालायचे बूट, टॉवेल, गरज पडली तर झोपायची पिशवी, वही. मी भरत गेले, ती काढत गेली. राहिला तो फराळाचा डबा. दिवाळी तोंडावर आहे आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना सतत भूक लागते असं तिनंच कुठूनसं ऐकलंय. शंकरपाळे आणि चकल्या, पाचसहा जणींना पुरतील एवढ्या. कुणाच्या खोलीत राहायला जायचं तर मोकळ्या हातानं जायचं नसतं.

व्हिडिओ कॉलवर माझी आई दिसते. ती सातारची. पिशवी भरताना तिनं नातीला विचारलं, “हे सगळं कुणासाठी गं?” प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले. त्या पोरांनी शपथ घेतली ती गोऱ्यांच्या पलटणीत, लढाई होती युरोपातल्या राजांची, आणि भरती होताना फ्रान्स कुठे नि मेसोपोटेमिया कुठे हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. आई त्या गावाविषयी नेहमी हात जोडून बोलते. पण ‘कुणासाठी’ हा तिचा प्रश्न तिथूनच आलेला आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही.

मी त्यावर बरेच दिवस विचार करते आहे. माझ्या मनात देश म्हटलं की अजून मुठा नदी येते. लेकीच्या मनात तसं होत नाही. ती इथे जन्मली, इथल्या शाळेत वाढली, इथली भांडणं तिची स्वतःची आहेत. तिचा देश दुसऱ्याचा नाही. आणि तिथली शपथ माणसाच्या नावानं घेत नाहीत, संविधानाचं रक्षण करण्याची घेतात. म्हणून मी ठरवलंय की उद्या थोडं लवकर निघायचं, बे ब्रिज ओलांडून गावात शिरलं की अकादमीच्या दाराआधी तिला मेरीलँडच्या स्टेट हाउसमध्ये न्यायचं. अकादमीपासून चालत काही मिनिटांवर आहे. युद्ध जिंकलेल्या जॉर्ज वॉशिंग्टननं 23 डिसेंबर 1783 रोजी याच इमारतीत, त्या वेळी तिथे भरणाऱ्या काँग्रेसपुढे उभं राहून आपलं सेनापतिपद परत केलं आणि घरी गेला. सैन्य हाती असलेला माणूस लोकांच्या सभेपुढे पद ठेवतो, हे त्या गावानं पाहिलेलं आहे. वर्दी घालू पाहणाऱ्या मुलीनं आधी ती खोली पाहावी.

मग बँक्रॉफ्ट हॉलमधला मेमोरियल हॉल. लढाईत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं तिथे आहेत. तिथे ती माझ्याशिवाय जाईल, आणि ते बरं आहे. त्या नावांसमोर माझा चेहरा तिच्या शेजारी असता तर तिनं नावं वाचण्याऐवजी मला सांभाळलं असतं. मला भीती वाटते. रोज वाटते. पण ती भीती तिच्या पिशवीत भरायची नाही, एवढं मी माझ्या मनाशी पक्कं केलंय.

एक नियम मात्र मी तिला मोठ्यानं वाचून दाखवला. अकादमीतून पदवी घेतली की किमान पाच वर्षांची सेवा बांधील असते. पण तिसरं वर्ष सुरू होण्याआधी सोडलं, तर सेवेचं कसलंही देणं राहत नाही. म्हणजे आत गेल्यावरही दोन वर्षं दार उघडं आहे. एवढी मोठी संस्था तरुण मुलांना मन बदलायला वेळ देते, याबद्दल मला तिच्याविषयी आदर वाटतो. लेकीनं ऐकलं आणि तिच्या वहीत त्या नियमाखाली रेघ मारली.

वहीत प्रश्न आहेत. पाणबुडीवर जायचं असेल तर कोणता विषय घ्यावा. रविवारी घरी बोलायला किती वेळ मिळतो. वरिष्ठ ओरडतात तेव्हा मनात काय म्हणता. शाकाहारी मुलीचं जेवण होतं का. तिनं मला विचारलं, तुझा एखादा प्रश्न आहे का. होता. ‘जिच्या खोलीत राहशील तिला विचार, सोडून जावंसं वाटलं त्या दिवशी तू काय केलंस?’ ती थबकली. “आई, पहिल्याच भेटीत हे कसं विचारू?” मी म्हटलं, रात्री दिवे मालवल्यावर विचार, अंधारात सांगणं सोपं जातं. तिनं तो प्रश्न लिहून घेतला, बाण काढून यादीत सगळ्यात वर नेला आणि म्हणाली, “दिवे मालवायची वाट कशाला बघू? जेवतानाच विचारते. सगळ्याजणी असतील, पाच उत्तरं मिळतील.”