खोक्यातले इंजिन

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्यांच्या सामानात एक तरी वस्तू अशी असते, की जी कधी उघडली जात नाही आणि कधी टाकलीही जात नाही. आमच्या घरी ती वस्तू म्हणजे सागवानी फळ्यांचे एक जड खोके. मेरठ, जबलपूर, सिकंदराबाद, पुणे. प्रत्येक बदलीत ते मालगाडीने आमच्यामागून आले. हमालांनी त्यात काय आहे असे विचारले, की आई कपाळाला हात लावून म्हणे, "आमच्या यांचे काळीज!" ते काळीज १२५० घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे होते, आणि ते अण्णांच्या एम. जी. टीसी मोटारीतून काढलेले होते.

ही दोन आसनांची उघडी गाडी इंग्लंडात अॅबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात तयार होई. सुमारे दहा हजार गाड्या निघाल्या असतील. तारांची उंच चाके, लाकडी सांगाड्यावर चढवलेला पत्रा, आणि एक मोठी गमतीची गोष्ट: चालकासमोर इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी, तर वेग दाखवणारी तबकडी शेजारी बसणाऱ्यासमोर. अण्णांनी १९४८ सालची ही गाडी १९६२ मध्ये लखनऊ छावणीतच एका निवृत्त होणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याकडून विकत घेतली. रविवारी सकाळी दिलकुशाच्या बाजूला फेरी निघे. वेग वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असे, आणि त्या कामापुढे मला शाळेतला पहिला क्रमांकही क्षुल्लक वाटे.

मग १९७५ चा मे महिना आला. कानपूरला जाताना उन्नावच्या अलीकडे गाडी तापली. अण्णांनी ती झाडाखाली उभी केली, वाफ ओसरल्यावर रेडिएटरचे झाकण काढले आणि मला बजावले, "अर्धा तास पाणी घालायचे नाही." ते चहा सांगायला गेले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मदत करावी या उत्साहात मी नळकूपावरून बादली आणली आणि गार पाणी ओतले. आतून 'टक्' असा एक बारीक आवाज आला. तापलेले बीड एकदम निवले, की त्याला तडा जातो, हे मला त्या आवाजाने शिकवले. अण्णा आले, त्यांनी बादलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ते काहीच बोलले नाहीत. घरी आईला त्यांनी सांगितले, "ब्लॉक जुना झाला होता."

त्या काळात परदेशी गाडीचा साधा सुटा भाग मागवायचा म्हटले तरी आयातपरवान्याचे दिव्य असे. पुऱ्या ब्लॉकची गोष्टच सोडा. सदर बाजारातल्या मिस्त्रीने तोडगा सुचवला: अॅम्बॅसडरचे इंजिन. रस्तोरस्ती टॅक्सी होऊन धावणारे ते १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन एम. जी.च्याच पुढच्या एमजीए गाडीतही बसवलेले होते. "परके नव्हे, चुलत घराण्यातले आहे," असे म्हणून अण्णांनी मन वळवले. पण एक अट घातली. गाडीचे काहीही कापायचे नाही.

मिस्त्रीला ही अट विचित्र वाटली. "साहब, काट दें तो हफ्ते भर का काम है," तो म्हणाला. न कापता कामाला दीड महिना लागला. इंजिनाचे आधार चौकटीच्या जुन्याच भोकांत बसतील असे नव्याने घडवावे लागले. अॅम्बॅसडरचा गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला असतो. तो जमिनीवर आणण्यासाठी मिस्त्रीने स्वतः जोडणी तयार केली. गिअरपेटीची लांबी निराळी, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट निराळ्या मापाचा करून घेतला. पायाखालच्या फळ्या नव्या कापल्या. जुने इंजिन, जुनी गिअरपेटी, जुना शाफ्ट आणि जुन्या फळ्या ग्रीस फासून खोक्यात गेल्या. नोंदणीपुस्तकात नवा इंजिन-क्रमांक चढला. दोनाच्या जागी एकच कार्ब्युरेटर आला. आवाज जाड झाला. पण गाडी चालू लागली.

बोल्ट वेचून डब्यांत भरण्याचे काम माझे होते. तेव्हा मिस्त्रीने एक नवल दाखवले. बोल्टाच्या डोक्याला इंग्रजी पाना बरोबर बसे. पण आटे इंग्रजी नव्हते, मेट्रिक होते. त्याचा इतिहास मला पुढे कळला. हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील कारखाना १९२३ मध्ये मॉरिसने घेतला. यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी होती, ती तशीच ठेवली आणि डोकी मात्र इंग्रजी पान्यांच्या मापाची केली. ती रीत पाव शतकानंतरच्या टीसीपर्यंत टिकली. लखनऊच्या शाळेत फर्डे हिंदी बोलून घरी आल्यावर आईशी मराठीत भांडणाऱ्या मला त्या बोल्टांविषयी उगाच आपलेपणा वाटला होता.

आज अण्णा नाहीत. योगायोगाने माझी शेवटची बदली लखनऊ छावणीतच झाली आहे, आणि खोके व्हरांड्यात आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले: पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी असेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळतो, मात्र ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शनाला किंवा शर्यतफेरीला नेता येते. स्नेही म्हणाले, आता मूळ इंजिन बसवा. सुटे भाग इंग्लंडातून मिळतात, तडे गेलेले बीडही शिवून देणारे कारागीर आहेत.

मी खोके उघडले. ग्रीस पिवळे पडले होते. खालच्या थरात टपालाने येणारी मराठी वर्तमानपत्रे कोंबलेली होती. त्यांच्या घड्या तुटत होत्या. ब्लॉकवरून बोट फिरवले आणि ती भेग सापडली. केसाएवढी होती. एवढ्याशा रेघेचे ओझे मी पन्नास वर्षे वाहिले होते.

मग मी हिशेब केला. लेखापालाचा मुलगा आणि स्वतः लेखापाल, दुसरे काय करणार? ही गाडी आपल्या मूळ इंजिनावर सत्तावीस वर्षे चालली आणि अॅम्बॅसडरच्या इंजिनावर पन्नास वर्षे होत आली. माझ्या बायकोने ऐकला तो हाच जाड आवाज. माझ्या मुलांना तोच मूळ वाटतो. गावचे घर सोडून दोन पिढ्या झालेल्या माणसाने 'मूळचे कुठले?' या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, याचा पेच आपणा सर्वांनाच ठाऊक आहे. आपण गावाचे नाव सांगतो. ते खोटे नसते, पण पुरतेही नसते.

अखेर मी ब्लॉक शिवायला दिला आहे. तो 'व्हीए' क्रमांकासाठी नव्हे. तो मी मागणार नाही, कारण रविवारची दिलकुशाची फेरी मला हवी आहे. एका मुलाच्या बादलीचा दोष एका बापाने निमूटपणे स्वतःच्या गाडीवर घेतला. ते देणे फेडायचे राहिले आहे, एवढेच.

अॅम्बॅसडरचे इंजिन उतरवले, की ते भंगारात द्या, असे हल्लीचा मिस्त्री सुचवतो. पण उत्तरपाड्याचा तो कारखाना मे २०१४ मध्ये बंद झाला. आता तेही पुन्हा होणार नाही. मी नवे ग्रीस आणून ठेवले आहे, आणि अलीकडच्या मराठी वर्तमानपत्रांची रद्दी विकू नको, असे घरात सांगून ठेवले आहे. खोके तेच पुरेल.