पक्का रंग

आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, कापड रंगवायचे. ओल्या कापडाचा रंग खरा मानू नये, असं ते म्हणत. धुवा, वाळवा, मग बोला. आम्ही दोघी चुलत बहिणी एम.एस्सी.ला एकाच प्रकल्पावर होतो, तेव्हा हे बोलणं साफ विसरलो होतो.

प्रकल्प व्हॅनेडियमचा होता. तपकिरी समुद्रशेवाळात एक विकर असतं. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून ते ब्रोमाइडचं ऑक्सिडीकरण करतं. या विकराला व्हॅनेडियम लागतं, हे हान्स व्हिल्टर यांनी १९८४ साली दाखवलं. नवल असं, की या साऱ्या कामात व्हॅनेडियमची स्वतःची संयुजा बदलत नाही. ती पाचच राहते. तो पेरॉक्साइडला धरतो, त्याला ब्रोमाइडशी भिडवतो आणि पुन्हा होता तसा होतो.

या विकराची नक्कल करायची, तर सेंद्रिय रेणूंच्या कवेत व्हॅनेडियम बसवायचा. आम्हीही एक हिरवी पूड तयार केली. तपासणी सोपी होती. फ्लास्कमध्ये फिनॉल रेड, पोटॅशियम ब्रोमाइड, पेरॉक्साइड, थोडं आम्ल आणि आमची पूड. मधूनमधून थेंब काढून बफरमध्ये टाकायचा. फिनॉल रेडला ब्रोमिन चिकटलं, की पिवळ्याचा निळा होतो. आमचा निळा झाला. त्या दिवशी आम्ही डबा खायलाही विसरलो.

दुसऱ्या दिवशी ब्लँक लावला. सगळं तेच, फक्त पूड नाही. तासाभरानं त्या फ्लास्कमधला थेंबही निळसर झाला! आम्लात पेरॉक्साइड एकटंही हे काम करतं, पण हळूहळू. आम्ल काढून पाहिलं, तर आमची पूड गप्प. शेवाळातलं विकर जवळजवळ उदासीन पाण्यात जे करतं, त्यासाठी आमच्या नकलेला आम्लाची काठी लागत होती.

प्रबंध द्यायला आठवडा उरला होता. ब्लँकचं पान वहीतून फाडलं असतं, तर कुणाला कळणार होतं? आम्ही एकमेकींकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, विचार दोघींच्याही मनात आला होता.

त्याच सुमारास देल रिओची हकिगत वाचनात आली. १८०१ साली मेक्सिकोत आंद्रेस मानुएल देल रिओंना हे मूलद्रव्य सापडलं. पॅरिसच्या एका रसायनज्ञानं १८०५मध्ये ते क्रोमियमच असल्याचं सांगितलं. देल रिओंनी आपला दावा सोडला. १८३०मध्ये स्वीडनच्या सेफस्ट्रोमना तेच पुन्हा सापडलं आणि रंगांच्या देखणेपणावरून त्याला वानादिस देवीचं नाव मिळालं. दोन्ही एकच, हे पुढच्याच वर्षी व्होलरनं सिद्ध केलं. देल रिओंनी जे खरं होतं तेही सोडलं. आणि आम्ही? जे आमचं नव्हतं तेही पदरात घ्यायला निघालो होतो.

पान फाडलं नाही. ब्लँकचा आकडा आमच्या आकड्यातून वजा केला. आलेखाची रेघ खाली आली, पण शून्यावर गेली नाही. आम्लाशिवाय काम होत नाही, हेही स्वच्छ लिहिलं.

दादांना सांगायला गेलो. व्हॅनेडियम त्यांना कळलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “धुतल्यावर किती उरला?”

“थोडासा, दादा.”

“मग तेवढाच तुमचा,” ते म्हणाले.