घोट्यामागची सुई

तळपायांच्या घामासाठी डॉक्टरांकडे जाण्याची वेळ येईपर्यंत माणसाच्या पावडरी लावून झालेल्या असतात. चालता चालता चपलेतून पाऊल सटकलेलं असतं. पाहुण्यांच्या फरशीवर ओले ठसे उमटू नयेत म्हणून मोजे घालूनच बसायचं, हेही अंगवळणी पडलेलं असतं.

त्वचारोगतज्ज्ञ आधी सोपे उपाय करतात: रात्री कोरड्या तळव्यांना अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण, मग पाण्याच्या ट्रेमध्ये पाय ठेवून सौम्य वीजप्रवाह. त्यानेही भागलं नाही तर बोट्युलिनम टॉक्सिन. घर्मग्रंथींना कामाला लावणारं अ‍ॅसिटिलकोलिन मज्जातंतूच्या टोकाशी सुटतं; हे औषध ते सुटणंच रोखतं. अमेरिकेत 2004 मध्ये त्याला मान्यता मिळाली ती काखेतल्या घामासाठी. तळव्यांसाठीचा वापर त्या मान्यतेबाहेरचा, आणि हे रुग्णाला आधीच सांगायला हवं.

खरी अडचण टोचण्यांची. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर अंतराने सुई घालायची म्हटलं की एका पावलावर तीस-चाळीस टोचण्या सहज होतात. तळव्याची कातडी जाड आणि वेदनेला कमालीची जागी. बर्फ, भुलीचं मलम यांनी इथे फारसं निभत नाही. मग घोट्यातच मज्जातंतू बधिर करतात.

आतल्या घोट्यामागे बोट ठेवलं की धमनीचा ठोका लागतो. तळव्याच्या बहुतेक भागाची संवेदना वाहणारी पोस्टिरियर टिबियल नर्व्ह त्याच्या लगेच मागे असते. सुई तिथे उतरवायची, रक्त येत नाही ना हे पिस्टन मागे ओढून पाहायचं आणि मगच लिग्नोकेन सोडायचं. तळव्यात वीज चमकल्यासारखी झिणझिणी आली, तर सुई किंचित मागे घ्यायची. मज्जातंतूच्या आत औषध जाता कामा नये. बाहेरच्या कडेसाठी घोटा आणि टाचेची मोठी शीर यांच्यामध्ये सुरल नर्व्हला वेगळा डोस. आता सोनोग्राफीवर मज्जातंतू दिसतो, तरी ठोका चाचपणारं बोट निवृत्त झालेलं नाही.

पुढचं काम घाई करणाऱ्याचं नाही. भूल चढायला दहा-वीस मिनिटं जातात, आणि त्याआधीच टोचायला बसणारा डॉक्टर रुग्णाचा विश्वास घालवून बसतो.

यात एक गंमत आहे. घाम आणणारे तंतू याच मज्जातंतूतून जातात. त्यामुळे भूल चढली की पाऊल उबदार होतं आणि काही तास आपोआप कोरडंही पडतं. म्हणून घाम कुठे येतो हे दाखवणारी मायनर चाचणी भुलीच्या आधीच उरकावी लागते. तळव्याला आयोडीन लावायचं, ते वाळलं की वर पिठूळ स्टार्च भुरभुरायचा. घामाच्या जागा निळ्या-काळ्या होतात. त्यांच्याभोवती पेनाने खुणा करायच्या. क्रम चुकला तर कोरडं पाऊल काहीच सांगत नाही.

टॉक्सिनचा परिणाम काही महिने टिकतो, मग पुन्हा टोचणं आणि पुन्हा खर्च. कायमचा उपाय म्हणून कमरेतल्या सिम्पथेटिक मज्जातंतूंची शस्त्रक्रिया आहे. पण तिच्यानंतर घाम पाठीवर, पोटावर वाढू शकतो, म्हणून ती शेवटी. भुलीच्या दिवशी मात्र घरी न्यायला कुणीतरी सोबत आणा. बधिर पावलाला ब्रेक किती दाबला ते कळत नाही.