डागडुजीचा मुहूर्त

‘रिनोव्हेशन’ला मराठीत नेमका शब्द नाही, हे घर विकत घेतल्यावर आमच्या लक्षात आले. ‘नूतनीकरण’ शोभते ते सरकारी फलकावर. ‘जीर्णोद्धार’ देवळांचा होतो, दोन खोल्यांच्या सदनिकेचा नव्हे. ‘डागडुजी’ हा रोजच्या वापरातला शब्द, पण त्यात मोडलेले सांधणे आहे, नवे करणे नाही. कोकणात ‘शाकारणी’ म्हटले की शब्दातच महिना येतो : वैशाख, पावसापूर्वीचे छपराचे काम. घराच्या कामांना तिथे ऋतू होता, तो कुणाला ठरवावा लागत नसे. आम्हाला ठरवावा लागला.

घर पुण्यातले. १९६१ साली पानशेत फुटल्यानंतर नदीपासून दूर जी वस्ती वाढली, तिच्यातली एक तीन मजली इमारत. विटांच्या भारवाही भिंती, मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा. ताबा मार्चमध्ये मिळाला आणि सल्ले दोन मिळाले. एक असा, की राहायला जाण्याआधी सगळे उरकून घ्या. एकदा सामान आले की फोडाफोडीचे हाल कुत्रा खात नाही. (सिमेंटची धूळ पुस्तकांत किती वर्षे टिकते, हे ज्यांनी भोगले त्यांनीच सांगितले.) दुसरा असा, की एक पावसाळा घरात काढा आणि मग हात लावा. या दोहोंच्या मधे कर्जाचा हप्ता आणि जुन्या घराचे भाडे, दोन्ही एकदम चालू होते.

शेवटी आम्ही एकच निकष लावला : माणसे राहत असताना जे करता येत नाही, ते आधी. म्हणजे गंजलेले लोखंडी पाइप, अर्थिंग नसलेले वायरिंग आणि न्हाणीघर. न्हाणीघराला तर पर्यायच नव्हता, कारण आईंचे गुडघे आणि तिथली गुळगुळीत फरशी यांची गाठ पडू देणे शक्य नव्हते. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी तुंबवून दोन दिवस ठेवले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी छताकडे पाहत बसण्याचे काम मोठ्या आनंदाने केले.

उरलेले थांबवले, आणि एका वहीत त्याची यादी केली. व्हिक्टर श्क्लोव्हस्कीने १९१७च्या निबंधात सवयीबद्दल जे मांडले, ते वर्गात शिकवणे सोपे. घरात त्याचा प्रत्यय फार लवकर येतो. गणपतीपर्यंत कुरकुरणारे दार आम्हाला ऐकू येईनासे झाले होते. वही नसती तर निम्मे दोष आमच्यापुरते नाहीसेच झाले असते. पण परक्या नजरेने केलेली यादी तरी सगळी खरी कुठे असते? भिंतींच्या माथ्याशी असलेले झरोके बुजवायचे, असे तिच्यात होते. वैशाखात तापलेली हवा त्यांतूनच बाहेर जाते असे दिसले आणि ते कलम खोडले. ज्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट ठरले होते, तिथे आषाढात पुस्तकांना बुरशीच आली असती.

ही पश्चिमेची भिंत. मार्चमध्ये ती कोरडी ठणठणीत होती. विकणाऱ्याने ताजा रंग दिला होता. जुलैत पुट्टीचे पापुद्रे सुटले, खाली लोणा दिसला. ओलीची कड कुठवर आली ते आम्ही पेन्सिलीने आखत गेलो, शेजारी तारीख. त्या रेघा जमिनीकडून वर चढत नव्हत्या, खिडकीच्या कोपऱ्यातून खाली उतरत होत्या. मिस्त्रींनी रेघा वाचल्या आणि बाहेर जाऊन छज्जाची भेग दाखवली. उन्हाळ्यात ती कुणी शोधली असती, असे वाटत नाही.

मग दिवाळी आली. दिवाळीआधी रंग हा रिवाज आहे, पण चार महिने भिजलेली जाड भिंत अश्विनात आतून ओलीच असते. वर रंग चढवला तर ती ओल कोंडली जाते. हे आम्ही आईंना समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी द्या, तुमचं बरोबर आहे. मी असले तर बघेन.” यात टोमणा नव्हता, एक्याऐंशीव्या वर्षी माणूस हिशेब असाच मांडतो. थांबावे, हा सल्ला आम्ही ज्या सहजपणे स्वीकारला होता, त्यामागे पुढची वर्षे गृहीत होती. ती आमची होती. त्यांच्या वर्षांतून एक दिवाळी वजा करण्याचा अधिकार त्या सल्ल्यात कुठे होता, यावर आम्ही दोघे रात्री बराच वेळ बोललो.

आईंची खोली पूर्वेची, भिंती कोरड्या. तिला वसुबारसेच्या आधी रंग दिला, त्यांनी निवडलेला फिकट पिवळा. फराळाला आलेली सगळी मंडळी मग त्याच खोलीत बसली.

कार्तिकात छज्जा दुरुस्त झाला. पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा विटांपर्यंत काढून ती उघडी ठेवली आहे. आलेला प्रत्येक जण विचारतो, हे असेच ठेवणार का? माघात गिलावा होईल. ओट्याचे मात्र अजून ठरलेले नाही. ग्रॅनाइटचे नमुने आणले होते. आईंनी ते पाहिले, चांगले आहेत म्हणाल्या, आणि गॅसवरून उतरवलेली कढई नेहमीसारखी कडप्प्यावर ठेवली.