आवाज कुठपर्यंत येतो?



घरातली किंवा शाळेतली एखादी वस्तू बंद पडली की तुम्ही काय करता? बहुतेक जण आधी तिला दोन चापट्या मारतात. मग वायरी हलवून बघतात. तरीही चालली नाही तर म्हणतात, "सगळं उपटू आणि नव्यानं जोडू." हे सगळं उपटणं का टाळावं, ते आज मी गिटारच्या पेडलच्या उदाहरणावरून सांगणार आहे. विषय थोडा वेगळा वाटेल, पण शेवटी आपण वर्गातच येणार आहोत.

पेडल म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडायची धातूची छोटी डबी. वर पायाने दाबायचा स्विच, आत छोटं सर्किट आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. गिटारच्या पिकअपमध्ये चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात अगदी क्षीण विद्युतसंकेत तयार होतो. तो डबीतून जाताना मोठा होतो किंवा मुद्दाम फाटका, खरखरीत केला जातो.

माझा एक माजी विद्यार्थी आता अकरावीत आहे. त्याने सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून सुटे भाग आणले आणि स्वतः एक पेडल बनवलं. सर्किट साधं, एकाच ट्रान्झिस्टरचं, आवाज वाढवणारं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही अमेरिकन कंपनी १९६८ मध्ये सुरू झाली. तिचं एलपीबी-१ नावाचं प्रसिद्ध पेडलही एकाच ट्रान्झिस्टरवर चालतं, त्याच धर्तीचं हे. पण स्विच दाबला की आवाज वाढायच्या ऐवजी मरायचा. घरचे म्हणाले, "हा पहिल्यापासूनच धांदरट." विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने मी सोल्डरिंग करते हे त्याला माहीत होतं, म्हणून डबी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, सगळं काढतो आणि परत जोडतो. माझंच काहीतरी चुकलं असणार."

मी त्याला थांबवलं. त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे परत परत गरम केलं की बोर्डावरची तांब्याची पट्टी सुटून येते, मग बोर्डच वाया. दुसरं, सगळं काढून परत जोडल्यावर पेडल चाललं तरी काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. आणि "मी धांदरट" हे मात्र मनात पक्कं बसतं.

मग आम्ही एकच प्रश्न धरला : आवाज कुठपर्यंत नीट येतो?

पहिली तपासणी, स्विच बंद ठेवून. अशा वेळी संकेत सर्किटला वगळून सरळ पलीकडे जातो. गिटार स्वच्छ ऐकू आली. म्हणजे केबल, दोन्ही जॅक आणि स्विचचा तेवढा भाग ठीक. इथेच आवाज आला नसता तर सर्किटकडे बघायची गरजच नव्हती.

दुसरी तपासणी वीजपुरवठ्याची. अशा पेडलमध्ये गिटारचा जॅक बहुधा स्टिरिओ असतो आणि त्याचा तिसरा संपर्क बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. केबलची पिन आत गेली तरच बॅटरी सुरू होते. त्यामुळे पिन न घालता मल्टीमीटर लावला तर शून्य दिसतं आणि माणूस उगाच घाबरतो. आम्ही पिन घालून मोजलं. बोर्डावर ९ व्होल्ट पोचत होते.

तिसरी तपासणी मला सर्वांत आवडते. एक जुनी ऑडिओ केबल घ्यायची आणि तिचं एक टोक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घालायचं. दुसऱ्या टोकाची बाहेरची जाळी सर्किटच्या ग्राउंडला जोडायची आणि आतल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा. कपॅसिटर बॅटरीचा स्थिर दाब अडवतो आणि बदलता संकेत जाऊ देतो. मग त्याचा मोकळा पाय सर्किटवर एकेका ठिकाणी टेकवत जायचं. त्याची धाकटी बहीण गिटारच्या तारा छेडत बसली आणि आम्ही ऐकत पुढे सरकलो. जॅकपाशी आवाज होता, पहिल्या कपॅसिटरच्या पुढे होता, ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायावर, म्हणजे बेसवर, होता. पुढे कलेक्टरच्या जागी तो कितीतरी मोठा व्हायला हवा होता. तिथे तो क्षीण झाला.

आता वीस ठिकाणं बघायची गरज उरली नाही. एकच जागा उरली.

भिंग घेऊन ट्रान्झिस्टरवरची अक्षरं वाचली, बीसी ५४७. त्याच्याकडच्या आकृतीत होता टूएन ३९०४. दुकानदाराने "चालतो हा" म्हणून दिला होता, आणि या सर्किटला तो खरंच चालतो. फक्त पायांचा क्रम उलटा असतो. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर टूएन ३९०४ मध्ये डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर येतात. बीसी ५४७ मध्ये कलेक्टर, बेस, एमिटर. मुलाने आकृतीत दाखवल्याप्रमाणे अगदी काटेकोर जोडणी केली होती. आकृती दुसऱ्या भागाची होती, एवढंच.

तीन डाग सोडवले, ट्रान्झिस्टरला अर्धा वळसा दिला आणि पुन्हा बसवला. बेस मधलाच असल्याने तो जागेवरच राहिला. कलेक्टरवर ४ व्होल्टच्या आसपास दाब आला. स्विच दाबला आणि बहिणीने कानांवर हात ठेवले.

पोरगा पेडलकडे बघत म्हणाला, "म्हणजे बाई, मी बरोबरच जोडलं होतं?" त्या वाक्यासाठी हा लेख लिहितेय.

आता वर्गात या. दुसरी-तिसरीतलं मूल ५२ - ३७ = २५ लिहितं. आपण फुली मारतो आणि वर लिहितो, "नीट सोडव." पण त्याची पायरी बघा. सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. "मोठ्यातून लहान वजा करायचं" हा आपणच शिकवलेला नियम त्याने इमानदारीने पाळलाय. फक्त तो प्रत्येक स्थानावर वेगळा लावलाय. सत्तावीस ऐकून ७२ लिहिणारं मूलही तसंच. सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून ते सात आधी लिहितं. ही मुलं निष्काळजी नाहीत. त्यांच्या हातातली आकृती दुसऱ्या भागाची आहे. फुलीमुळे त्यांना फक्त "सगळं उपट" एवढंच कळतं.

बिघाड नीट ऐकला तर त्यातून काय निघू शकतं, तेही सांगते. मार्टी रॉबिन्स यांचं 'डोन्ट वरी' हे गाणं १९६१ मध्ये आलं. नॅशव्हिलमध्ये त्याचं रेकॉर्डिंग चालू असताना यंत्रणेतल्या बिघाडामुळे ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज फाटला. तो तुकडा पुसला नाही, तसाच ठेवला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी तो आवाज का फाटतो याच्या मागे लागले. त्यातून तसाच आवाज देणारं सर्किट तयार झालं आणि १९६२ मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाने पेडल म्हणून बाजारात आलं. १९६५ च्या रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मधली सुरुवातीची गिटार त्याच पेडलमधून वाजली आहे.

मोठ्या मुलांसोबत हा प्रयोग करणार असाल तर एक सूचना : बॅटरीवरचंच सर्किट उघडा. घरच्या विजेवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर मुळीच उघडू नका. बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब राहू शकतो.

आणि वर्गासाठी एक काम. उद्या वह्या तपासताना एकच वही अशी घ्या की ज्यात उत्तर चुकलंय. फुली मारू नका. मुलाला जवळ बसवा आणि पहिल्या पायरीपासून मोठ्याने सांगायला लावा. जिथपर्यंत बरोबर आहे तिथपर्यंत हिरव्या पेनाने बरोबरची खूण करत जा. जिथे खूण थांबेल तिथे दोघांनी मिळून बघा. काय सापडलं ते मला जरूर कळवा.